चार लाख बारा हजार

बिश्केकबाहेरच्या गाडीबाजारात सकाळी सातला
उणे चौदा.
माणसं कमी बोलत होती, वाफाच जास्त.
कोटाच्या अस्तरात टाचणी लावून आणलेले
दोन लाख साठ हजार सोम,
सात वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या घासून साठवलेले.

सोबत सातीबाल्दी मामा.
जन्मभर घोडे पारखले त्याने,
गाडी एकदाही चालवली नाही.
"विकणाऱ्याचं तोंड तर मला वाचता येतं," म्हणाला.

पहिली चंदेरी. मीटर नव्वद हजार.
मामाने ब्रेकच्या पायटीवर अंगठा फिरवला:
रबर झिजून खालचं लोखंड उघडं.
"नव्वद हजारांत
इतका कोण थांबतो, झुमागुल?"

दुसरीच्या बॉनेटवर मी हात ठेवला, तर ऊन.
"आत्ताच आणली," मालक म्हणाला.
चाकांखालचा बर्फ मात्र कालचा होता.
थंड इंजिनाचा खोकला
आम्हाला ऐकू येऊ नये, एवढीच त्याची इच्छा.

तिसरीसाठी फ्रिजवरचं चुंबक काढलं,
प्लास्टिकच्या जर्दाळूचं.
पुढच्या दाराला चिकटलं,
छताला चिकटलं,
मागच्या दारावरून घरंगळून बर्फात पडलं.
रंगाखाली सगळी लांबीच.
मालकाने वाकून ते उचललं,
कोटाला पुसून माझ्या हातात दिलं.
दोघंही काही बोललो नाही.

दुपारपर्यंत पाय माझे राहिले नव्हते.
सगळा बाजार तरणाबांड,
कुणीच लाखाच्या वर जायला तयार नाही.
(मी तरी काय, सेहेचाळीसची,
केसांना मेंदी लावूनच आले होते.)

मग शेवटच्या रांगेत, संडासाच्या भिंतीला लागून,
बेडकासारखी हिरवी गोल्फ, शहाण्णवची.
मीटर: चार लाख बारा हजार.
काच पुसून पुन्हा वाचलं.

उलट्या बादलीवर बसून
सूर्यफुलाच्या बिया फोडत होता तोक्तोसून.
तोक्तोसून, म्हणजे थांबो;
आधीची दोन राहिली नाहीत
म्हणून आईने ठेवलेलं नाव.
न विचारता सांगू लागला:
"तेल गळत नाही, जळतं.
दुसरा गिअर सकाळी रुसतो.
डाव्या चाकाचं बेअरिंग वळणावर गुणगुणतं.
हीटर आहे, पण एकाच पायाला."
मग विकतोस का?
"रात्री समोरचे दोन दिवे
मला चार दिसतात."

मी विरघळलेच.
मामा कानात म्हणाला,
"खरं बोलणाऱ्याला जास्त तपासायचं,"
आणि एकाहत्तराव्या वर्षी पुठ्ठा अंथरून
गाडीखाली शिरला.
बराच वेळ नुसते बूट दिसत होते.
मग खालून आवाज:
"गंज आहे."
थोड्या वेळाने:
"पण जुना आहे. शांत बसलाय."

सिमेंटच्या गोदामाशी वळले
तर बेअरिंग गुणगुणलं, सांगितलं तसंच.
एकच गोष्ट त्याने सांगितली नव्हती:
डिकीचं झाकण आपोआप खाली येतं.
माझा अंगठा अजून निळा आहे.
त्या एका लपवाछपवीचे मी
चार हजार कमी करून घेतले,
त्यानेही दिले, कान धरून.

कागद झाले. किल्ली देण्याआधी
तो आत वाकला, खटका ओढून
सीट पुढे रेटू लागला, माझ्या उंचीला.
हलेना. वर्षानुवर्षं एकाच जागी होती.
तिघांनी मिळून ढकलली तेव्हा
रुळांतून टरफलं सांडली, मूठभर,
आणि एक छोटं निळं बटण.
ते त्याने खिशात टाकलं.

परत येताना माझा डावा पाय उबेत,
उजवा बिश्केकमध्ये.
मी रेडिओ लावला.
वळण जवळ आलं तसा
मामाने हात पुढे करून तो बंद केला.
"थांब," म्हणाला,
"तिला बोलू दे."