लिवरपूर

जिनाच्या मागच्या खोलीत वही सापडली,
कसरीनं खाल्लेली, मोडीत लिहिलेली.
साठीला टेकल्यावर मी मोडी शिकलो ती तिच्यापायी.
पहिला शब्द लागला तो एका गावाचा: लिवरपूर.

कोंडबा मापाऱ्याला वाटलं असेल,
अचलपूर, दर्यापूर, तसंच हे,
थोडं पुढचं. दर्याच्या पल्याड.
तिथंही असेल एक पार, एक तराजू,
पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारा कोणी.

पानोपानी आकडा चढतो.
अमेरिकेत भाऊ भावावर उठला
आणि इकडं भाव उठला.
बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या.
समासात बारीक अक्षरात कोंडबा म्हणतो,
'आज कवडीसुद्धा रुईच्या मोलानं गेली.'

मग लढाई संपली.
संपल्याचं आमच्याकडं दीड महिना कोणाला ठाऊक नाही.
बातमी बोटीनं निघालेली, मग टपालाच्या थैलीत,
मग कोण्या हरकाऱ्याच्या धापेत.
तोवर कोंडबा मेलेल्या भावानं तोलत राहिला,
आणि त्याच वैशाखात त्यानं लग्न करून घेतलं.
दोन गावांना पंगत, बुंदी, वाजंत्री कारंज्याचे.
आम्ही सगळे त्या दीड महिन्याची लेकरं.

मी त्याच गावात, नव्या जिनात प्रतवारी लावतो.
चिमूटभर रुई दोन बोटांत ओढतो, सांगतो: एकोणतीस.
यंत्रही मागून एकोणतीसच सांगतं,
पावती मात्र त्याच्या नावानं फाटते.
रात्री जेवता जेवता न्यूयॉर्क हलतं;
मुनीमाचा प्रज्योत ताटाशेजारी फोन ठेवतो,
घास तोंडात आणि खंडीमागं सातशे गेले.
गिळायलाही उसंत नाही.

त्या फाल्गुनात कालव्यात जहाज अडकलं
तेव्हा पंचफुला उईके ढिगाऱ्यापाशी बसली होती,
रुईतून केस, सुतळी, गुटख्याच्या पुड्या वेचत.
"काय झालं जी, गठाणी काहून थांबल्या?"
"जहाज आडवं झालं, बाई. इजिप्तात."
"मंग? शेपटी पिरगाळा म्हणा."
आणि पुन्हा खाली मान.
तिची मजुरी कोणत्याच पडद्यावर हलत नाही.

परवा तिला वहीतलं वाचून दाखवलं.
ऐकून घेतलं, म्हणाली,
"त्या लिवरपूरला आता काय पिकते?"
तेवढ्यात प्रज्योत आला, लालभडक बनियन घालून,
छातीवर पक्षी, खाली तेच नाव, इंग्रजीत.
यवतमाळच्या बाजारात अडीचशेला.
फुटबॉल, म्हणाला तो. लई मोठी टीम.

सवयीनं मी बाहीची कड दोन बोटांत धरली,
ओढून पाहिली, उजेडाकडं केली.
कापूस नाही.
एक धागाही नाही.