तिकडे

वारा क्रोमार्टीच्या खाडीवरून आला
की गावभर शिंपल्यांच्या कुजण्याचा वास.
पोस्टातली बाई नाकाला रुमाल लावूनच तिकिटं देते.
शाळेनं खिडक्या लावून घेतल्यात.
आणि मर्डो, तू म्हणतोस,
मला नाही येत कसला वास.

सव्वीस वर्षं तू 'तिकडे' जात होतास.
दोन आठवडे तिकडे, दोन इकडे.
शोना विचारायची, बाबा कुठंयत,
की मी हात करायची
कुंपणावरून, मेंढ्यांवरून,
जिथं काहीच दिसत नसे त्या दिशेला.
मला तरी कुठं ठाऊक होतं?
तुझ्या फोनमागे सतत एक घरघर.
सदऱ्यांना डिझेलचा वास, आणि कसल्याशा परक्या साबणाचा.
घरी आलास की तिसऱ्या दिवसापर्यंत
मीठ मागायचास तेही ओरडून.

आता ते तिकडे इकडे आलंय.
गेल्या वर्षी वरचा भाग आला,
एका जहाजाच्या पाठीवर अख्खाच्या अख्खा :
खोल्या, जिने, हेलिकॉप्टर उतरायचं अंगण,
आणि कठड्यांवर पाखरांची रिकामी घरटी.
या आठवड्यात पाय आले.
धक्क्यावर आडवे निजवलेत.
मुळात पिवळे होते म्हणे.
आता काळे, केसाळ,
वीत वीत शिंपल्यांचा थर, मधूनच पांढरं पोवळं.

मी बघून आले. तुला म्हटलं, ब्रेड संपलाय.
तारेच्या कुंपणाशी बरीच माणसं होती,
मयताला जमतात तशी,
खिशात हात घालून, एकमेकांपासून जरा लांब.
ऑलिफंटची विधवाही होती.
बराच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली,
"मला वाटायचं, मोठं असेल."

गॅसकटरवाला पोरगा लिथुएनियाचा आहे.
त्याला ह्या सांगाड्याचं नावसुद्धा माहीत नाही.
ठिणग्या पडतात, आणि आत अडकलेलं समुद्राचं पाणी
भसाभसा सांडतं, अजून थंडगार असणार.

पलीकडच्या धक्क्यावर पवनचक्क्यांची पाती,
एकीवर एक रचलेली,
इतकी पांढरी की त्यांच्यावर अजून कुणी शिंकलंही नसेल.
तीही येतात परदेशातून; आपल्याकडे फक्त उतरवायची,
जोडायची आणि पुन्हा समुद्रात रवाना करायची.
सभेत एक साहेब म्हणाले,
बदल होईल, पण कुणालाही मागे ठेवून नाही.
चहा मात्र चांगला होता.

शोनानं नऊ वर्षं तेलावर दोराला लटकून काम केलं.
तरी वाऱ्यासाठी नवा दाखला हवा.
पुन्हा त्याच तलावात, त्याच खुर्चीला पट्ट्यांनी बांधून
उलटी बुडवणार तिला,
आणि पैसे तिच्याच खिशातून.
"समुद्र तोच ना गं आई?" म्हणाली.
मग स्वतःच हसली :
"बुडायला तोच. कागदाला दुसरा."

येताना रस्त्यात ट्रकमधून सांडलेला
एक शिंपला उचलला.
मुठीएवढा. घरी आणून टेबलावर ठेवला,
ब्रेडच्या शेजारी.

तू चष्मा शोधलास. उलटा केलास, सुलटा केलास.
"ईशान्येच्या पायाचा."
कशावरून?
"त्या बाजूला गॅसची ज्योत जळायची.
तिथल्या पाण्याला कधी रात्रच व्हायची नाही.
हे बेटे जागेच. खात बसायचे."

खरं की खोटं, देव जाणे.
पण तू हळू आवाजात बोलत होतास,
इतक्या हळू, की मला किटली बंद करावी लागली.
ऑलिफंटची बंकखोली तुझ्या समोरची होती, हे आज कळलं.
तो झोपेत शिट्टी वाजवायचा, हेही.

सगळं आणलं का रे वर? मी विचारलं.
"खुंट राहिले असतील तळाशी.
ते कोण काढतं."

मग उठलास, खिडकीची कडी काढलीस,
तशीच धरून उभा राहिलास.
"येतोय," म्हणालास.