निरंक

कोसमघाटच्या बंधाऱ्याला एक खोली आहे.
छप्पर नाही. दगडी. गळ्यापर्यंत पाण्याने भरलेली.
तिला दोन दारं, एक वरच्या नदीकडं, एक खालच्या.
आजा सांगायचा, दोन्ही एकदम उघडायची नाहीत कधी.
नाव आत घ्यायची, मागचं लावायचं,
मग पाणी उतरवायचं हळूहळू,
झोपलेलं लेकरू खांद्यावरून उतरवावं तसं,
तेव्हा कुठं पुढचं उघडायचं.
सांगताना त्याचे हात आपोआप हलायचे.
एकही नाव उतरवली नव्हती त्याने.

इंग्रजाला म्हणे इथून कापूस न्यायचा होता,
बार्जेवर गाठी रचून, पार समुद्रापर्यंत.
चुन्यात गूळ घातला, बेलफळ घातलं,
दारं बोटीने आणली कुठूनशी,
आणि शेवटचा दगड बसायच्या आत
दुरून रेल्वेची शिट्टी आली.
नदी राहिली. खोली राहिली.
चौकीदाराची एक जागा मंजूर होती कागदावर,
तीही राहिली.

तिच्यावर आजा, मग बाप, आता मी,
लटारू डोमाजी मारबते, रोजंदारी.

सकाळी मोजपट्टी वाचतो.
ग्रीस मिळतं महिन्याला अर्धा किलो, बिजागरीसाठी.
अर्धं बिजागरी खाते, अर्धं गावचे खासर,
बापाच्या वेळेपासून असंच आहे.
न आलेल्या नावांचं वंगण
शंकरपटात पहिलं येतं दरवर्षी.

मग रजिस्टर. रकाना चौथा:
आज पार झालेल्या नावा.
आजा लिहायचा, निरंक.
तेवढा एकच शब्द यायचा त्याला लिहिता,
सहीला अंगठा, पण हा शब्द मोत्यासारखा.
बाप आडवी रेघ मारायचा.
मी वरचंच ते खाली, म्हणून दोन टिंबं देतो.

परवा सर्व्हेवाले आले.
नदीचा रस्ता होणार म्हणे, कोळसा जाणार, सिमेंट जाणार.
पिवळी नाव, नावेत पेटी,
पेटी पाण्याला हाक मारते आणि उत्तर कागदावर काढते.
साहेबाने विचारलं, खोली किती?
म्हटलं, लांब ऐंशी हात, रुंद चौदा.
तो हसला. तशी खोली नाही हो, म्हणाला.

दार उघडतं का?
लावून पायतो, साहेब.
आम्ही सहा जण चाकाला भिडलो.
भिवसन, पैकूचा पोरगा, ढिवर मोहल्ल्यातले तिघं.
पाव फेऱ्यात गंज गळला, नाचणीच्या पिठासारखा.
मग दार ओरडलं.
गाभण म्हैस ओरडते तसं, लांब, पोटातून.
पैलतीरावरचे बगळे उठले.
वीतभर उघडलं
आणि अडलं.
त्या फटीतून एक वाम सटकली, हातभर लांब,
तिलाच घाई होती इतकी वर्षं.

बस, म्हणाला साहेब, आणि वहीत काही लिहिलं.
ते मला दिसलं नाही.
मग चौघांनी पिवळी नाव उचलली,
बंधाऱ्यावरून चालत नेली पलीकडं,
आणि खालच्या पाण्यात ठेवली.
पोरगी माझी, सायत्रा, ओली उभी होती पायरीवर,
गावची सगळी लेकरं त्याच खोलीत पोहायला शिकतात.
म्हणाली, बा, आता पवू देतीन का आमाले इथं?

रात्री कंदिलापाशी रजिस्टर उघडलं.
नाव पार झाली, हे खरं.
दारातून नाही, हेही खरं.
टिंबं देता येईनात. रेघही येईना.
बऱ्याच वेळाने लिहिलं,
एक. खांद्यावरून.
तालुक्याचा बाबू खोडेल, खोडू दे.

दार मात्र परत लागलं नाही.
वीतभर फट रात्रभर बोलत होती,
बायको म्हणाली, कोण आलं एवढ्या रात्री,
मी म्हटलं, पाणी.

सकाळी मोजपट्टी पाहिली.
दोन बोटं खाली.
तेवढं रकान्यात नीट बसलं.