तीन-आठ

लकडगंजात आऱ्याचा आवाज मधूनच थांबतो,
तेवढ्यात बोलून घ्यायचं असतं.
रुखमांगद मिस्त्रींनी भुसा चिमटीत धरला, हुंगला,
म्हणाले, साग चांगला आहे, पण ओला आहे जी,
यानं अजून आपला एकही उन्हाळा पाहिला नाही.

मला मागच्या दाराबाहेर माचा हवा आहे.
पुतणी त्याला डेक म्हणते.
पहिल्या मजल्यावर, बारा बाय दहा,
एका अंगाला भिंत, समोर दोन कोपऱ्यांत दोन खांब,
आणि त्या खांबांवर बारा फूट सरळ जाणारी
एकच तुळई.

मध्ये खांब द्या ना, मिस्त्री म्हणाले.
अंतर अर्धं केलं तर वाक अर्धा नाही होत,
पार सोळाव्या हिश्श्यावर येतो.
पण सहा फुटांवर टाक्याचं झाकण येतं.
खांब तिथे गाडला तर पाणी कुठून उपसू?

मी चार-सहाची तुळई म्हणाले. चौकोनी, भरलेली,
डोळ्यांना विश्वास वाटतो.
ते हसले. कोपऱ्यात पडलेल्या कूलरच्या जुन्या टट्टीतून
बांबूची कामटी ओढून काढली
आणि दोन विटांवर आडवी निजवली.
बोट ठेवताच तिनं पोट टाकलं.
मग तीच कडेवर उभी धरली. दाबा आता.
दाबलं. बोट दुखलं, कामटी नाही.

चार सक चोवीस, तीन आठ्ठे चोवीस,
लाकूड तेवढंच, पैसे तेवढेच, पण तीन-आठ उभी ठेवली
तर जवळजवळ पावणेदोनपट ताठ.
तीच निजवली तर सातवा हिस्सा.
रुंदीला कोणी विचारत नाही जी,
लाकूड उंचीनं उभं राहते.

मग म्हणाले, वजन सांगा.
कशाचं?
जे जे वर येईन त्याचं.
मी पावतीच्या पाठीवर लिहू लागले:
लोखंडी कूलर, ऐंशी लिटर पाण्यासकट, म्हणजे दीड माणूस.
नलूताई. डोंगरेकाका, शंभराच्या वर, तेही खुर्चीसकट.
पुतणी आणि तिच्या चार मैत्रिणी.
त्या नाचतीन, मिस्त्री म्हणाले, नाचणारे दुप्पट धरा.
नुसतं पडलं नाही म्हणजे झालं असं नसते,
हाललंही नाही पाहिजे.
नाहीतर माणूस चहा घेते पण बसत नाही.

पेन बाळकृष्णवर थांबलं.
भिलाईला असतो. चार दिवाळ्या झाल्या.
पोलादात आयुष्य गेलं त्याचं,
लाकूड म्हटलं की कपाळाला आठ्या.
काय लिहून राहिले?
भाऊ आहे. येत नाही.
धरा त्याला, मिस्त्री म्हणाले,
न आलेल्या माणसाचं लाकडाला ओझं होते का?

घरी आले. पावती टेबलावर. पंखा गरम हवा ढवळत होता.
चार वर्षांत त्याला विचारण्यासारखं
माझ्याकडे काहीच नव्हतं,
आता होतं.

फोन उचलला त्यानं. हॅलोनंतर मी थेट म्हटलं,
बारा फूट, साग, तीन-आठ, उभी. पुरेल?
मागे कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत तो थांबला.
मध्ये खांब का नाही?
टाकं आहे.
हां. टाकं आहे, तो म्हणाला,
त्या टाक्यात आम्ही दोघांनी मिळून
एकदा आईची वाटी बुडवली होती.
पण ते तो बोलला नाही.
ओला आहे का?
थोडा.
मग पहिल्याच वर्षी पोट टाकेल. पाच सूत. तुला दिसेल.

कागद सरकवल्याचा आवाज. पेन्सिल असणार,
त्याच्या कानावर असायची.
माणसं किती धरलीस?
नऊ. आणि कूलर.
मोज, कोण कोण.
मी वाचलं. नलूताई, काका, पोरी पाच, मी.
हे आठच झाले.

मी पावतीची कड दुमडत राहिले.
खाली कोणीतरी पाण्याची मोटर लावली.

तिकडून बराच वेळ काही नाही. मग घसा खाकरला,
आणि नेहमीच्या, दुसऱ्याचं चुकलंच असं धरून चाललेल्या आवाजात
म्हणाला,
मुलं पण येतील माझी.
तीन-आठ नको.
तीन-दहा घे.