तेंदूचा फासा

हर्षल वैरागडे नावाचा पोट्टा
भर मे महिन्यात लकडगंजात आला,
हेल्मेट काखेत, कागद घामानं लिबलिबीत.
"ताई, वीस बाजूंचा फासा पाहिजे.
मेक्सिकोच्या जुन्या लोकांचे वीस दिवस,
एका बाजूवर एक. आम्ही गच्चीवर खेळतो."
मी म्हटलं, खाटेचे खूर करते मी बाप्पा,
लाटणी, पोळपाट, बुद्धिबळाचे उंट.
सहा बाजूंच्या पलीकडं
माझा हात कधी गेला नाही.

त्याला ज्वालामुखीची काळी काच हवी होती.
ती कुठून आणू?
आरागिरणीमागं तेंदूचा ओंडका पडून होता,
पानं केव्हाच बिडीला गेलेली,
पोटात मात्र असा काळा गाभा
की करवत शिरते, उजेड शिरत नाही.
त्यानं नखानं ठोकून पाहिलं. चालेल म्हणाला.

लाल रंग ते लोक निवडुंगावरच्या किड्याचा काढत.
आपल्याकडं पळसावरचा किडा आहे.
लाखेची कांडी तापवली, रेघारेघांत भरली.
किडा किड्याला ओळखत असेल,
समुद्राखालून.
डोळ्यांसाठी म्हशीचं शिंग घासलं,
दुकानभर जळक्या केसांचा वास,
शेजारच्या प्लायवूडवाल्यानं शटर अर्धं ओढलं.

वीस बाजू खरादावर होत नाहीत.
पुठ्ठ्यावर कोन काढला, कानस धरली,
तीन गोळे वाया गेले.
मगर एकवर, फूल वीसवर,
आणि समोरासमोरची बेरीज एकवीस यायला हवी.
म्हणजे वाऱ्याच्या पाठीला पाऊस,
पाण्याच्या पाठीला गवत,
हरणाच्या पाठीला ठिपक्यांचा वाघ
(तो तर असणारच),
सहाव्या मरणाच्या पाठीला पंधरावा गरुड.
यातलं मी काही ठरवलं नाही.

बापू आतल्या खाटेवर.
खूर त्यांच्याच हातचे, हात आता एकच चालतो,
डोळ्यांत दोन्हीकडं मोतीबिंदू.
हर्षलनं त्यांना सांगितलं,
त्या लोकांचाही पट अधिकच्या खुणेसारखा,
चटईवर काढायचे, फाशांऐवजी बिया टाकायचे,
हरायला लागले की अंगावरचं कापडही लावायचे.
बापू अर्ध्या तोंडानं हसले,
"मंग आपलेच झाले नं ते."

बादलीत मीठ घालत गेले, फासा तरंगेपर्यंत.
टिचकी मारली, फिरवला, पुन्हा मारली.
कोणत्याच बाजूचा हट्ट नव्हता.

देण्याआधी चार दिवस बापूंनीच वापरला.
कूलरच्या घरघरीत खाटेवरून टाकायचे,
"पौबारा!" असं उगाच ओरडायचे
आणि मग विचारायचे, "काय पडलं वं?"
ससा, बापू.
माकड.
घर.
"घर?" थोडं थांबून, "बरं दान आहे."

शनिवारी फासा खाटेखाली गेला.
मोबाईलचा टॉर्च लावून पालथी झाले,
भुशात, तुटक्या चपलेजवळ
सहा.
कवटीच्या खोबणीतून शिंगाचे दोन ठिपके
माझ्याकडं पाहून राहिले होते.
"काय पडलं वं?"
गरुड, मी म्हटलं.
"किती?"
पंधरा.

खोटं नाही बोलले.
जमिनीच्या बाजूनं वाचलं.