भांगाचे दिवस

आराखडा झांझिबार शहरातच तयार झाला होता,
पंख्याखाली, तीन रंगांत.
नऊ ते साडेनऊ : ओळख.
साडेनऊ ते अकरा : हिशेबाची वही.
अकराला चहा, आणि चहापुढे माझ्याच अक्षरात,
बिस्किटं, प्रत्येकी दोन.

पेंबाच्या त्या गावात पोचले तेव्हा दुपार कलली होती.
बी म्कासीने कागद नीट वाचला, दोनदा.
वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक शिंपला ठेवला
आणि विचारलं,
"गुरुवारी नऊला समुद्र कुठे असेल, ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं.

"गुरुवारी अमावास्या. पाणी मैलभर मागे जातं
आणि गावातल्या झाडून सगळ्या बायका त्याच्या मागे,
शेवाळाच्या दोऱ्यांवर.
तुझ्या ओळखीच्या तासाला
खुर्च्याच एकमेकींची ओळख करून घेतील.
भांगाला ये. तेव्हा आम्ही घरी असतो."

प्रश्नावली होती पिशवीत. काढली नाही.
गरजा काय तुमच्या, असं विचारलं
की माणसं पदर सावरून बसतात
आणि पाहुण्याला आवडेल ते सांगतात.
सकाळी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरले.
मी बांधलेल्या गाठी
ताटू मागून येऊन मुकाट्याने सोडत होती, पुन्हा बांधत होती.

कमरेत वाकून बोलायचं म्हणजे
शब्द पाण्याकडेच जातात, तिथून वेचावे लागतात.
गेल्या वर्षी आलेल्यांनी झाड काढायला लावलं होतं,
मुळांशी अडचणी, फांद्यांवर परिणाम.
"झाड छान आलं," रिझिकी म्हणाली.
"शाळेच्या भिंतीवर आहे अजून.
अडचणीही आहेत."

झुवेना शेवटपर्यंत गप्प. मग एकदम,
"वही नको. हिशेब मला येतो.
मला काटा शिकव.
घरून उचलते तेव्हा पोतं जड असतं,
मकामेच्या आकड्याला टांगलं
की आकडा उतरतो.
चारशे पावलांच्या वाटेत काय सांडतं एवढं?"

आठ दिवसांनी, भांगाला,
पाणी ना धड भरलेलं, ना धड ओसरलेलं,
आम्ही बदामाच्या झाडाखाली जमलो.
बिस्किटांचे पैसे साखरेत घातले होते,
एकेक किलोच्या वीस पुड्या.
मकामे वेटेला गेला होता.
दुकानातल्या पोराने काटा दिला,
कशाला, हेही विचारलं नाही.

वीस पुड्या टांगल्या. अठरा.

कुणीच काही बोललं नाही.
एक तान्हं रडायला लागलं, त्याला कुणी उचललं नाही.
"काढा," बी म्कासी म्हणाली, "एकेक करून, मोजत."
सतरा, सोळा, पंधरा,
प्रत्येक पुडीला काटा इमानाने एकच घर उतरत गेला.
शेवटची पुडी निघाली
आणि रिकाम्या आकड्याखाली सुई थांबली ती
शून्याच्या दोन घरं अलीकडे.

रिकामा काटा आजवर कुणी पाहिलाच नव्हता.
पोतं घेऊन यायचं,
पोतं टांगायचं,
पैसे कनवटीला लावून निघायचं.

मग मात्र गलका उडाला.
दर पोत्यामागे दोन किलो,
आठवड्याला किती, रमजानपासून किती.
वही कुणीतरी आपणहून मागितली.
मिझे, जी येणार नाही म्हणाली होती,
ती झाडाआडून पुढे आली आणि बेरीज दुरुस्त करून गेली.
जाताना प्रत्येकीने साखरेची पुडी नेली.

झुवेना उठली नाही.
मकामे तिचा सख्खा दीर.
घर एकच, चूल एकच.
"आज स्वयंपाक माझ्याकडे आहे," ती म्हणाली.
"बोटीने येईल तो. भूक लागलेली असेल."

यासाठी माझ्याकडे सत्र नव्हतं,
रंगीत पेनं होती.
मी तिच्याशेजारी बसून राहिले.
समोर पाणी ओसरायला लागलं होतं,
भांगाचं, थोडंसंच.