फिरती ढाल

आज ढाल परत आली. नाव कोरायला नाही,
वजन करायला.
शाळेचा शिपाई रामरतन सायकलच्या कॅरियरला
पोत्यात बांधून घेऊन आला कसेरा बाजारात.
म्हणाला, "ताई, मराठी शाखा बंद.
बड़े सर बोले, जो भाव हो, लगा लो."

पोतं सोडलं. बैल तसाच,
डावं शिंग कुठल्याशा विजयाच्या नाचात मोडलेलं.
घोड्याच्या नाकपुडीत वर्षानुवर्षांचं ब्रासो
सुकून पांढरं.

आबांनी ही ओतली तेव्हा ती शाळेची नव्हती.
धारच्या वाटेवरच्या कुणा जहागीरदाराने
फाटकासाठी सात सांगितल्या होत्या:
एका अंगाला घोडा, एका अंगाला बैल,
वर अर्धा सूर्य,
खाली दुमडत गेलेली पट्टी, ब्रीदासाठी.
ब्रीद मागाहून कळवतो, म्हणाले.
मेणात पट्टी कोरी ठेवून आबा थांबले.
मग संस्थानं विलीन झाली,
फाटक विकलं गेलं
आणि ब्रीद
कळवायचं राहून गेलं.

सातांतल्या तीन भट्टीत गेल्या, त्यांची घुंगरं झाली.
एक रांजणावर झाकण म्हणून.
तिच्या बैलाचं वशिंड धरून आम्ही पाणी काढायचो.
एक हलवायाने नेली गल्ल्यामागे टांगायला,
तिचे पैसे अजून यायचेत.
एक कुठे गेली ते आईला ठाऊक होतं
आणि तिने सांगितलं नाही.
सातवीला शिसवाची पाठ लागली,
पाठीवर कडेने रुपयाएवढ्या चांदीच्या ढाली,
दर वर्षी एक. खो-खो, मुली.

इकडे ओतकामाला ढलाई म्हणतात.
लहानपणी मला वाटायचं, ढलाई करतात ती ढाल.
दोन भाषांत एकाच वेळी चुकायची
सोय होती आम्हाला.

आबांचा हात कापायला लागला
तेव्हापासून नावं मी कोरली.
शहाऐंशी साल: रामबाग संघ,
कर्णधार वैजयंती शेजवलकर.
त्या सामन्यात शेवटची पळती मी होते.
शिट्टीला दोन श्वास उरले असताना
तिची बोटं माझ्या पाठीला लागली.
आठवड्याने तिचं नाव माझ्या छिन्नीखाली.
आबांनी भिंगातून पाहिलं, म्हणाले,
"'य'वरचा अनुस्वार राहिला,
की ठेवलास?"
मी फुंकणी शोधत राहिले.

आता सांडशीने एकेक उचकटते आहे.
चांदी वेगळी, पितळ वेगळं,
लाकडाचं काहीच येत नाही.
पाठ सगळी उन्हाने विटलेली,
फक्त जिथून चांदी निघाली तिथे
शिसव अजून काळंभोर:
एकोणपन्नास छोट्या ढाली,
नाव नसलेल्या.

पितळ चार किलो सातशे.
पट्टीत नख फिरवून पाहिलं, गुळगुळीत.
पन्नासेक वर्षं मुलींनी ती डोक्यावर धरली
आणि एकीनेही विचारलं नाही
इथे काय लिहायचं होतं.

चांदीच्या ढिगातून शहाऐंशी शोधली,
डांबरावर बसवली, चष्मा लावला.
रामरतन बशीतला चहा फुंकत,
"कितना हुआ, ताई?"
थांब, म्हटलं.
एक टिंब राहिलंय.